तिसरी लाथ

गेल्या सव्वीस वर्षांत मी एकच गेम सहा वेळा विकत घेतला, आणि दर वेळी तो वाईट निघावा अशी मनातून इच्छा धरून घेतला. यातलं पहिलं अर्धं माझ्या बायकोला, सौदामिनीला, चांगलं माहीत आहे आणि ती त्यावरून मला हवं तेव्हा टोमणे मारते. दुसरं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

गेम मारामारीचा. मूळ मशीन जपानी होतं, वरच्या काचेवरचं नावही जपानी लिपीत, त्यामुळे ते नाव काय होतं हे नांदेडात कधी कुणाला कळलं नाही. त्यात लढणारी एक बाई होती. तिची वेणी गुडघ्यापर्यंत, आणि ती गर्रकन वळली की वेणीही तिच्यामागून वळायची. म्हणून आम्ही गेमलाच वेणीवाली म्हणायचो. बस स्टँडमागच्या गल्लीत चंद्रप्पाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. सात मशिनी, एक टेबल फॅन, आणि रुपयाचं नाणं टाकलं की खेळ सुरू. १९९९ साली मी अकरावीत होतो आणि वेणीवालीवर मला हरवेल असा नांदेडात कुणी नव्हता. एक सोडून.

तो एक म्हणजे धम्मानंद. भीमनगरचा, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणारा. त्याचे वडील निवृत्तीकाका रेल्वेत गँगमन होते आणि माझे वडील मुख्याध्यापक. पण आम्ही दोघं पहिलीपासून एका बाकावर. त्याच्या आईच्या, धुरपतामावशीच्या हातचं पिठलं खाऊन मी किती वेळा घरी जेवायला नाही म्हणालो असेन त्याला हिशेब नाही. पार्लरमधल्या मशिनी बिघडल्या की चंद्रप्पा त्यालाच बोलवायचा. हातात कला होती गड्याच्या.

बाकीची पोरं नुसती बटणं बडवायची. धम्मानंद अडवायचा. मशीनची काठी, म्हणजे जॉयस्टिक, आपल्या मागच्या बाजूला ओढून धरली की पडद्यावरचा आपला गडी हात आडवे घेतो आणि मार लागत नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती वेळेवर करायला डोकं थंड लागतं. माझं डोकं कधीच थंड नव्हतं. माझ्याकडे होती तिसरी लाथ. काठी खाली, मग पुढे, मग लाथेचं बटण. असं लागोपाठ तीन वेळा. पहिल्या दोन लाथा समोरचा अडवू शकायचा, तिसरी अडायचीच नाही. हा डाव मला एका सकाळी धम्मानंदबरोबर खेळताना आपोआप सापडला होता आणि मी तो कुणाला शिकवला नाही.

त्या वर्षी हैदराबादहून मशिनी पुरवणाऱ्या माणसाने गावोगावच्या पार्लरांत स्पर्धा लावली. नांदेडचा जिंकणारा हैदराबादला खेळायला जाणार होता. शेवटचा सामना माझा आणि धम्मानंदचा. चंद्रप्पाच्या पार्लरचा एक नियम होता: जिंकत आलेला डावीकडे बसतो, आव्हान देणारा उजवीकडे. सहा महिने मीच डावीकडे होतो. धम्मानंद उजवीकडच्या स्टुलावर टेकला, काठी दोनतीनदा मागे ओढून पाहिली आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "अवधूत, जागा बदल. ह्या बाजूची काठी मागं टिकंना झाली. धरली की सुटून राहिली."

तो हळू बोलला होता. मी मोठ्याने बोललो. "बघा रे, अजून नाणं टाकलं न्हाई, तर हे सुरू झाले! काय बहाणेराव, हात थरथरून राहिलेत का?" चाळीसेक पोरं होती, सगळी फिदीफिदी हसली. धम्मानंदने जागा सोडली नाही. तीन फेऱ्या झाल्या, तीनही मी जिंकलो, तीनही तिसऱ्या लाथेवर. त्या दिवसापासून तो सगळ्या नांदेडचा बहाणेराव झाला. पार्लरमध्ये तो पुन्हा आला नाही आणि माझ्या घरीही नाही.

हैदराबादला मी पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. माझ्यापेक्षा लहान एका पोराने माझी तिसरी लाथ अशी सहज अडवली की मी पडद्याकडे बघतच राहिलो. गावात येऊन सांगितलं, मला ताप होता. लोकांनी मानलं. मुख्याध्यापकांचा मुलगा खोटं कशाला बोलेल?

माझी बेचैनी तिथून सुरू झाली ती गेली नाही. हिशेब अगदी सोपा होता. तिसरी लाथ गेममध्येच असेल, म्हणजे ती बनवणाऱ्यांनीच तशी ठेवली असेल, तर मी खरा जिंकलो. ती गेममध्ये नसेल, तर तिसऱ्या लाथेला काठी सुटत होती, धम्मानंद खरं बोलत होता, आणि मी चाळीस जणांसमोर एका खऱ्या माणसाला खोटारडा ठरवला होता. मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. वर्गात दर वर्षी सांगतो की वाद घालू नका, प्रयोग करा. माझा स्वतःचा प्रयोग मी दर दोनचार वर्षांनी करत आलो आणि दर वेळी उपकरणालाच दोष देऊन सुटलो.

आणि दोष तरी किती सापडायचे! वेणीवाली पहिल्यांदा घरात आली ती टीव्हीला जोडायच्या कार्ट्रिजवर. डब्यात तेवढी जागाच नव्हती, म्हणून बनवणाऱ्यांनी वेणीवालीची वेणीच कापून टाकली. बॉबकट केलेली वेणीवाली! सहा बटणांच्या जागी दोन, मागचे प्रेक्षक गायब, आणि मारलेल्या लाथेचा आवाज असा की कुणीतरी पापड मोडला. तिसरी लाथ अर्थातच लागली नाही. मी खूश. यावर काय सिद्ध होणार, डोंबल?

मग सीडीवाली आली. वेणी परत आली, रंगही ठीक. पण दोन फेऱ्यांमध्ये पडदा मिनिटभर काळा, आणि हालचालीची मधली चित्रं गाळलेली. पाय जमिनीवर दिसायचा तो एकदम समोरच्याच्या तोंडावर. मधे प्रवासच नाही. मधली चित्रं गाळली तिथेच माझी लाथ गेली असणार, असं मी ठरवलं. मग कॉम्प्युटरवरची आणली. तिथे तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी लागायचीच नाही. मोबाईलवरची घेतली. काचेवर बटणं, अंगठा ठेवला की स्वतःचाच गडी अंगठ्याखाली. पाचवी घेतली तोवर घरात सपाट टीव्ही आलेला. बटण दाबलं आत्ता, लाथ निघाली मागाहून. सौदामिनी म्हणाली, "अहो, इतकी नावं तर तुम्ही माझ्या माहेरच्यांनाही ठेवली नाहीत."

मी नावं ठेवत होतो म्हणून जगत होतो. घरातली वेणीवाली जितकी खराब, तितका मी निर्दोष. पण दर वेळी ती मशीनच्या थोडी जवळ येत होती आणि मला पळायला जागा कमी पडत होती.

सहावी मे महिन्यात आली. माझी मुलगी इरा तेव्हा दहावीत गेली होती. तिला तिसऱ्या लाथेची गोष्ट लहानपणापासून पाठ; जागा बदलण्याचा भाग वगळून, अर्थात. हैदराबादला गेलेले बाबा हा तिच्या अभिमानाचा विषय होता. ती ओरडतच स्वयंपाकघरात आली. "बाबा, तुमची वेणीवाली आली! आणि बनवणारे म्हणतायत की मूळ मशीनमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा घातलाय. काहीच बदललेलं नाही."

दोन दिवस मी फक्त दोष शोधले. वेणी बरोबर. सहा बटणं बरोबर. तिसऱ्या मैदानात ओट्यावर एक म्हातारा पंखा हलवत बसायचा आणि मधेच त्याला डुलकी लागायची. तो होता, डुलकीसकट. शेवटी मी एक खास खोड तपासून पाहिली. मूळ मशीनमध्ये दोघं लढवय्ये एकाच क्षणी आडवे झाले तर वरचे गुण बिघडायचे, आकड्यांच्या जागी वेडीवाकडी चिन्हं यायची. ती मूळचीच चूक होती. इराला समोर बसवून मी तसं घडवून आणलं. वर वेडीवाकडी चिन्हं आली. चूकसुद्धा उतरली होती.

"मग आता दाखवा ना तिसरी लाथ," इरा म्हणाली.

दाखवली. तिने अडवली. पुन्हा दाखवली. पुन्हा अडवली.

"टीव्ही उशीर करतोय," मी म्हणालो. तिने टीव्हीची सेटिंग बदलली. "ह्या कंट्रोलरवर हात बसत नाही," मी म्हणालो. तिने ऑनलाइन खरी काठी शोधून दिली, मशीनसारखी, आणि मी ती मागवली. ती यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी टेस्टचे पेपर तपासताना एका मुलाला पन्नासपैकी बावन्न गुण दिले, दुधाचं पातेलं दोनदा उतू घालवलं आणि गच्चीवर इतक्या येरझारा मारल्या की खालच्या भाडेकरूंनी विचारलं, सर, वर काही काम काढलंय का?

काठी आली. इराने सराव करायची सोय लावली. समोरचा गडी कॉम्प्युटर चालवतो आणि त्याला सांगून ठेवायचं, तू नुसतं अडव. मी जेवण झाल्यावर बसलो. खाली, पुढे, लाथ. खाली, पुढे, लाथ. खाली, पुढे, लाथ. अडली. चार वाजता सौदामिनीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली तरी मी तेच करत होतो. इरा शेजारी वहीत रेघा ओढत होती. शंभरातल्या शंभर अडल्या होत्या.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "ही लाथ गेममध्ये नाहीच आहे." मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्यापासून मी सव्वीस वर्षं पळत होतो. "मग तुम्ही जिंकलात कसे?"

"ते मशीन बघायला पाहिजे," मी म्हणालो. अजूनही मी मशीनवरच ढकलत होतो.

चंद्रप्पाने पार्लर कधीच बंद केलं होतं आणि तो देगलूरला आपल्या गावी जाऊन राहिला होता, एवढं जुन्या दोस्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून माहीत होतं. रविवारी सकाळी इराला घेऊन निघालो. सौदामिनी दारात उभी राहून म्हणाली, "दहावीच्या पोरीला क्लास बुडवून जुनं मशीन बघायला नेणारा मास्तर आख्ख्या लातुरात तुम्हीच."

उदगीर सुटल्यावर मी इराला उरलेली गोष्ट सांगितली. जागा बदल म्हणून तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, पोरं कशी हसली. रस्त्याकडे बघत सांगितलं, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मग तिने विचारलं,

"जागा बदलायला किती वेळ लागला असता?"

"अर्धा मिनिट."

"मग का नाही बदललीत? तुम्हाला खरंच वाटलं तो खोटं बोलतोय?"

"हो," मी म्हणालो. मग पुढचे दोनतीन किलोमीटर ते 'हो' मला गाडीत बसू देईना. "नाही," मी म्हणालो. "मला भीती वाटली. जागा बदलली असती तर तो जिंकला असता." इराने काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

देगलूरला चंद्रप्पा घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. सत्तरी ओलांडलेली, मिशा पांढऱ्या, पण आवाज तोच. "कोन? हेडमास्तरचा अवधूत? लई जाड झालास की रे!" सून पाणी घेऊन आली. मी मशीनचं विचारलं तर तो हसायला लागला. पडद्याची ट्यूब कुणीतरी नेली होती, लाकडाच्या खोक्याचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं. परसात गेलो तर खरंच, जपानी अक्षरांखालून एक कोंबडी मान काढून आमच्याकडे बघत होती. "पन काठ्यांची फळी हाय," चंद्रप्पा म्हणाला. "ती न्हाई दिली कुनाला. कामाची वस्तू."

माळ्यावरून फळी खाली आली. फडक्यात गुंडाळलेली, दोन काठ्या, बारा बटणं. मी ती ओसरीवर उलटी ठेवली. इराने मोबाईलचा टॉर्च धरला. काठीच्या बुडाशी चार बाजूंना चार पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. काठी जिकडे ओढाल तिकडची पट्टी टेकते आणि मशीनला कळतं. डाव्या काठीच्या चारही पट्ट्या धड होत्या. उजव्या काठीच्या मागच्या बाजूची पट्टी टोकाला झिजून पातळ झाली होती आणि तिच्यावर चंदेरी कागदाची घडी घातलेली होती. मी काठी मागे ओढून धरली. पट्टी टेकली. मी धरून राहिलो. इरा तोंडातल्या तोंडात मोजत होती. पट्टी हळूच घसरली आणि सुटली. काठी माझ्या हातात तशीच मागे ओढलेली होती.

पुन्हा केलं. पुन्हा सुटली. दोन लाथा अडवायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात.

डावीकडून तिसरी कुठलीही लाथ मारली असती तरी लागली असती. बाकीच्या पोरांच्या हे कधी लक्षात आलं नाही, कारण बाकीचे कुणी अडवतच नव्हते. अडवता येणारा नांदेडात एकच होता. मी उगाच ते फडकं झटकत उभा राहिलो.

"ही चांदी कुणी लावली?" इराने विचारलं.

"धम्मानंदनं," चंद्रप्पा म्हणाला. "शिग्रेटच्या पाकिटातली हाय. सामन्याच्या दिशी सकाळीच येऊन लावली त्यानं. पट्टी झिजली म्हनला, नवी हैदराबादहून येस्तोवर सामना पुढं ढकला. मी म्हनलो, आता कसं ढकलू बाबा, मानसं गोळा होऊन राहिलीत. मग त्यानं ही चांदी लावली. म्हनला, टिकली तर टिकली."

"तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलोच. "मग तेव्हा बोलला का न्हाईत?"

चंद्रप्पाने खुर्चीत अंग सावरलं. "चारचौघांत माझ्याच मशिनीत खोट हाय म्हनून कसं सांगू? आन् तू किती जोरात बोललास. सगळे हसले." त्याने परसाकडे तोंड फिरवलं. "मी बी हसलो."

धम्मानंद भोकरला आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे शिकवणारा, होता, घर तिथेच बांधलं होतं. चंद्रप्पाला तो वर्षातून एकदा तरी फोन करायचा. मी त्याचा नंबर आणि पत्ता घेतला आणि लगेच लावायला निघालो, तर इरा म्हणाली, "फोनवर नको, बाबा." चंद्रप्पाने फळी पुन्हा फडक्यात बांधून दिली आणि परत आणून द्यायची म्हणून बजावलं.

नरसी, उमरी करत भोकरला पोहोचेपर्यंत चार वाजले. वाटेत मी मनातल्या मनात दहा भाषणं तयार केली आणि दहाही मोडली. दार एका बाईंनी उघडलं, त्याच्या पत्नी महामाया. मी नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलला. म्हणजे नाव त्या घरात माहीत होतं. आत धम्मानंद जमिनीवर बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होता. केस पांढरे, नाकावर चष्मा. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि उठला.

"या सर," तो म्हणाला. "बसा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी बसलो आणि लगेच उठलो. फळी टीपॉयवर ठेवून फडकं सोडलं. त्याने चष्मा वर केला, उजव्या काठीवरून अंगठा फिरवला, फळी उलटून बघितली आणि थोडंसं हसला. "टिकली की चांदी. इतकी वर्षं."

"तू खरं बोलत होतास," मी म्हणालो. तयार केलेल्या भाषणांपैकी एवढंच उरलं होतं. "काठी सुटत होती. मी आज पाहिलं. तू खरं बोलत होतास, धम्मानंद."

"हे मला काय सांगून राहिलास?" त्याचा 'सर' गेला होता. "मला तर त्याच दिशी माहीत होतं."

महामायावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे धरून तशाच थांबल्या.

"माफ कर मला."

तो मिक्सरचा एक स्क्रू उचलून तळहातावर फिरवत राहिला. "खेळात हरलो त्याचं काही न्हाई अवधूत. हैदराबादला गेलो असतो न् तिथं बी हरलो असतो, कुनास ठावं. पन आयटीआय झाल्यावर मी नांदेडात दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तुला माहीत न्हाई. गिऱ्हाईक पंखा घेऊन यायचं. मी म्हनायचो, वायंडिंग जळालंय. तर ते हसायचं. म्हनायचं, बहाणेराव, खरं सांग की. समोरच्या पानवाल्यापातूर सगळे तेच म्हनायचे. दुरुस्ती करनाऱ्याच्या शब्दावर भरवसा नसंल तर त्याच्याकडं वस्तू कोन देईल? दीड वरीस काढलं. मग इकडं आलो. इथं कुनाला ते नाव माहीत न्हाई."

इरा खाली मान घालून बसली होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला आता गेमचा दोष नव्हता, टीव्हीचा नव्हता, मशीनचाही नव्हता. ते नाव काठीने पाडलं नव्हतं, मी पाडलं होतं.

"मी काय करू, सांग," मी म्हणालो.

"मला माहीत हाय ते मला नको सांगू. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांग."

आमचा ग्रुप बासष्ट जणांचा होता. पार्लरचीच सगळी पोरं. आता कुणी पुण्यात, कुणी नांदेडात, कुणी दुबईत. धम्मानंद त्यात नव्हता. त्याला घ्यावं असं कधी कुणाला सुचलं नाही, मला तर नाहीच. मी तिथेच उभ्या उभ्या लिहायला घेतलं. फळीच्या बुडाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'मित्रांनो, १९९९ च्या सामन्यात उजवीकडची काठी खराब होती. धम्मानंदने मला आधीच सांगितलं होतं. मी जागा बदलली नाही आणि त्यालाच खोटा ठरवलं. तिसरी लाथ असा डावच गेममध्ये नाही. मी जिंकलो नव्हतो. धम्मानंद खरं बोलत होता.' पाठवलं. वहिनींनी पुढे केलेला चहा मी एका घोटात संपवला.

दोन मिनिटांनी व्यंकटचं उत्तर आलं. नांदेडचा व्यंकट, आता मेडिकलचं दुकान आहे त्याचं. त्या दिवशी माझ्या मागे उभा राहून सगळ्यात जोरात तोच हसला होता. त्याने लिहिलं होतं: 'कोण धम्मानंद?'

आणखी दोघांनी खाली प्रश्नचिन्हं टाकली. मी लिहिलं: 'भीमनगरचा. निवृत्तीकाकांचा मुलगा. आयटीआयला होता, मशिनी दुरुस्त करायचा.' व्यंकट म्हणाला, आठवत नाही यार. दुबईवाला म्हणाला, फोटो टाक. कुणीतरी मधेच एका लग्नाची पत्रिका टाकली.

त्यांना ताबडतोब ओळख पटेल असा एकच शब्द होता. तो मला माहीत होता, इराला माहीत होता, आणि धम्मानंद माझ्या चेहऱ्याकडे बघत होता म्हणजे त्यालाही कळलं होतं.

"वळखून न्हाई राहिले का?" त्याने विचारलं.

"ओळखतील. मी सांगतो समजावून."

"लिही की ते नाव."

"मी नाही लिहिणार."

"लिही," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "त्याबिगर त्यांना कळनार न्हाई तू कुनाचं सांगून राहिलास. चांगलं सांगून राहिलास, तर निदान पत्त्यावर तरी जाऊ दे."

मी इराकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझी बाजू घेणार नव्हती. मी लिहिलं: 'ज्याला मी बहाणेराव म्हणायला लागलो आणि मग तुम्ही सगळे म्हणायला लागलात, तो. ते नाव खोटं होतं.'

या वेळी दोन मिनिटं लागली नाहीत. व्यंकटने लिहिलं: 'अरे बहाणेराव होय!! आधी सांगायचं ना. कसा आहे तो?' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली, मी मोजली तेव्हा अकरा होती. दुबईवाल्याने लिहिलं, बहाणेरावला ग्रुपमध्ये घ्या रे. काठीबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मला फोन खिशात घालायचा होता, पण धम्मानंदने हात पुढे केला होता. त्याने फोन घेतला, लांब धरला आणि एकेक ओळ सावकाश वाचली. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायला किका मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"कसा हाय म्हनून विचारून राहिलेत," फोन मला परत देत तो म्हणाला आणि पुन्हा मिक्सरसमोर खाली बसला. "बरा हाय म्हनून लिही."

मी लिहिलं.